कार्यक्षेत्राबाहेरच्या लेकी

"वकीलबाई, संघम कोनी इकत घेते काय?"

अनसूयाबाईंनी खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारलं. मी आदिलाबादच्या कोर्टात वकिली करते. सहकारी संस्थांची कामं माझ्याकडे जास्त येतात, कारण त्यांत फी कमी आणि कटकट जास्त, म्हणून बाकीचे वकील ती घेत नाहीत. अनसूयाबाई बेल्याजवळच्या एका गावातल्या महिला बचत संस्थेच्या अध्यक्ष. आमच्याकडे अशा संस्थेला तेलुगूवाले, मराठीवाले सगळेच संघम म्हणतात. बाया दर महिन्याला थोडे पैसे टाकतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात आणि नफा झाला तर वर्षाकाठी वाटून घेतात.

"इकत कशी घेतील मावशी? संघम म्हणजे काय किराण्याचं दुकान हाय?"

"मंग हे नवे मेंबर कोन होत? एकीचंबी तोंड मी पाह्यलं नाई. सेक्रेटरीनं भराभर नावं घेतली. सगळ्या इचोड्याच्या नाई तं आदिलाबादच्या. अन् आता सभेत निवडणूक हाय."

मी चौकशी केली. त्या बाया एका फायनान्स कंपनीच्या ब्रँचमध्ये कामाला होत्या, नाहीतर तिथल्या एजंटांच्या बायका होत्या. त्या कंपनीच्या डोक्यावर हैदराबादची एक होल्डिंग कंपनी. होल्डिंग कंपनी म्हणजे स्वतः काही धंदा न करता दुसऱ्या कंपन्यांची मालकी धरून बसणारी कंपनी. हिच्या हाताखालच्या कंपन्यांना कर्ज वाटायची परवानगी होती, पण लोकांकडून ठेवी घ्यायची नव्हती. संघमला मात्र आपल्या सभासदांकडून ठेवी घेता येतात. त्यांना संघम हवा होता तो एवढ्यासाठी.

आमच्या राज्याचा सहकार कायदा या बाबतीत चांगला कडक आहे. संघममध्ये एका बाईला एकच मत, मग तिचा शेअर एक असो की शंभर. कंपनीला सभासदच होता येत नाही, तर मालक कुठून होणार? म्हणून हे लोक मागच्या दाराने आले. आपली माणसं सभासद करायची, निवडणुकीत आपलं संचालक मंडळ बसवायचं आणि मग त्या मंडळाकडून कारभार आपल्याकडे सोपवल्याचा करार लिहून घ्यायचा. मालकीचा कागद नसला तरी चालतो, मतं हातात असली की झालं.

नव्या बायांच्या शेअरचे पैसे कंपनीने भरले हे सिद्ध झालं असतं तर काम सोपं होतं. पण भरणा रोख होता आणि प्रत्येक बाई शपथेवर सांगायला तयार होती की पैसे माझेच. त्यांना तरी काय बोलायचं? नोकरी सगळ्यांनाच लागते.

मग मी संघमचे उपविधी काढून बसले. उपविधी म्हणजे संस्थेने स्वतःसाठी केलेले आणि सरकारदरबारी नोंदवलेले नियम. त्यात सापडलं. सभासद बाई संघमच्या कार्यक्षेत्रात राहणारी असली पाहिजे. कार्यक्षेत्र म्हणजे ते गाव आणि शेजारची चार गावं. इचोडा त्यात नाही, आदिलाबाद तर नाहीच नाही. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अनसूयाबाईंना बोलावून घेतलं आणि मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं.

त्यांनी ती गावं बोटांवर मोजली. मग म्हणाल्या, "मंग ज्योतीचं कसं?"

"कोन ज्योती?"

"माही लेक. पैनगंगेपल्याड देली हाय."

तेव्हा मला त्या गावची रीत कळली. या संघमात लग्न झालेल्या मुलीचं नाव कमी करत नाहीत. ती सासरी गेली की तिचा महिन्याचा हप्ता आई भरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, संघमची वार्षिक सभा भरते आणि त्या दिवशी नफ्याचे पैसे मिळतात. ते दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाहीत. ज्या बाईचं नाव, तिनेच यायचं आणि सही करायची. रक्कम फार नसते, पण सुनेला पैसे मिळणार म्हटल्यावर सासू अडवत नाही. एरवी निंदणाला हात कमी पडतात, वेचणीला हात कमी पडतात, म्हशीचं कोण बघेल, अशी शंभर कारणं असतात. सहीपुढे ती चालत नाहीत. पंचवीस-तीस लेकी अशा दरवर्षी येत होत्या. बहुतेक सगळ्या नदीपलीकडून, यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांतून.

"दिवाळीलेबी धाडत नाईत तिले," अनसूयाबाई म्हणाल्या. "वर्षातून हेच दोन दिवस येते. कायद्यात लेकीचं गाव कोनतं धरतेत?"

"राहते ते."

"माहेर लिवलंच नाई कुटं?"

"नाई, मावशी."

मी वाटा शोधल्या नाहीत असं नाही. उपविधी बदलून लेकींना आत घेता येईल का, तेही पाहिलं. पण राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीपाशी, म्हणजे पैनगंगेपाशी, संपतो. दोन राज्यांत सभासद ठेवायचे तर केंद्राचा वेगळा कायदा आणि त्याखाली वेगळी नोंदणी लागते. मोठ्या संस्थांना ते जमतं. ज्याच्या ऑफिसात पंखासुद्धा नाही, त्या संघमला ते कसं झेपणार?

कंपनीलाही हे सगळं ठाऊक होतं. निवडणुकीच्या मतदार यादीवर हरकत दाखल करायला दोन दिवस उरले असताना त्यांचा एक मॅनेजर माझ्या ऑफिसात आला. गुळगुळीत दाढी, त्याहून गुळगुळीत बोलणं.

"मॅडम, हम कुछ खरीद नहीं रहे. सिर्फ मॅनेज करेंगे."

"इसीको खरीदना बोलते हैं, साहेब."

तो हसला. "आप रहने का रूल निकालेंगे, तो हम भी वही रूल निकालेंगे. नदी के उस पार की सब बेटियाँ कटेंगी. आप हमारी मेंबर्स को रहने दो, हम आपकी बेटियों को हाथ नहीं लगाएंगे."

मला त्याचा भयंकर राग आला. जास्त राग याचा, की कायद्याच्या दृष्टीने त्याचं काही चुकत नव्हतं. एकच कलम. ते आमच्यासाठी वेगळं आणि त्यांच्यासाठी वेगळं कसं वाचणार?

त्याचं म्हणणं मी अनसूयाबाईंना जसंच्या तसं सांगितलं. निर्णय त्यांचा, वकिलाचा नाही, हेही सांगितलं. त्यांनी मंडळातल्या बायांना विचारलं. रात्री ज्योतीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या आल्या.

"काय म्हने ज्योती?" मी विचारलं.

"तुमी पाहा म्हने. दुसरं काय म्हनन? बाजूले सासू बसेल होती."

"मग तुमी काय ठरवलं?"

"टाका हरकत." पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "आज माह्या लेकीसाठी गप बसली तं उद्या संघमच्या साऱ्या बाया कंपनीच्या मानसापुढं हात जोडून उभ्या राह्यतीन. त्यायनं माह्यावर इस्वास ठेवला. आता मी काऊन मांगं सरू?"

मी हरकत टाकली. त्यांनी उलट हरकत टाकली. सुनावणी तालुक्याच्या भाषेत सांगायचं तर चहा निवायच्या आत संपली. निवडणूक अधिकाऱ्याने कलम वाचलं आणि दोन्ही हरकती मान्य केल्या. इचोडा-आदिलाबादच्या बायांची नावं गेली, पैनगंगेपलीकडच्या लेकींची नावं गेली. निवडणुकीत जुनंच मंडळ पुन्हा आलं. सेक्रेटरीला काढलं. कंपनीने नाद सोडला आणि दुसरीकडे कुठे तरी दुसरा संघम शोधला असेल. कागदोपत्री आम्ही पूर्ण जिंकलो.

नावं कमी झालेल्या लेकींचे शेअर आणि बचत परत करायची होती. त्या दिवशी मी मुद्दाम गावात गेले. ज्योती नवऱ्याच्या मोटरसायकलवरून आली. तो खाली उतरलाच नाही, गाडी चालू ठेवून रस्त्यावर थांबला. तिने सही केली, पैसे मोजले नाहीत, आईने पुढे केलेल्या कपातला चहा उभ्यानेच घेतला. "येतो आई," म्हणाली आणि गेली. अनसूयाबाई पुढच्या लेकीची पावती लिहायला बसल्या. मला तिथे थांबवेना. मी काही तरी निमित्त सांगून निघाले.

तेव्हापासून एक सवय लागली आहे. कुठलंही कलम समोरच्यावर टाकण्याआधी त्यात आपली किती माणसं सापडतात ते मी आधी पाहते. बहुतेक वेळा सापडतात. कलम तरीही टाकावं लागतंच.

पुढच्या पोळ्यानंतर अनसूयाबाई माझी राहिलेली फी द्यायला आल्या. नको म्हटलं तरी टेबलावर ठेवली. संघम बरा चालला होता, नव्या सुना सभासद होत होत्या. ज्योतीचं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, की तान्ह्या पोळ्याला आली नाही, सासरच्यांनी धाडली नाही.

जायला उठल्या आणि दारापाशी थांबल्या.

"वकीलबाई, तुमी शिकल्या-सवरल्या. असा अजून एकांदा कागद हाय काय, ज्याच्यावर सही कराले लेकीलेच यावं लागते? नवऱ्याची चालत नाई, सासूची चालत नाई, असा?"

आहे. लेकीने माहेरच्या जमिनीतला आपला हिस्सा भावांना सोडून दिल्याचा कागद. त्यासाठी तिला स्वतःच रजिस्ट्रीच्या ऑफिसात हजर राहावं लागतं. गाडी करून, मानाने आणतात तिला त्या दिवशी.

"नाई, मावशी," मी म्हटलं. "असा कागद नाई."