सुट्टीपर्यंत पुरेल एवढी शिहू

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईत, ऊद मेथातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दहावीचे गणिताचे पेपर तपासत बसले होते. फोन तिच्या नवऱ्याचा, दिलीपचा, सावंतवाडीहून. एकच वाक्य बोलला. मी रडले नाही. हातातलं लाल पेन टेबलावर आपटलं आणि तोंडातून पहिला शब्द निघाला तो ‘मूर्ख’. तिलाच उद्देशून. आता महिना उलटून गेला, तरी तो राग उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी एकाच इंडियन स्कूलमध्ये लागलो. ती संगीत शिकवायची, मी गणित. बिल्डिंगही एकच, त्यामुळे शाळेत अर्धवट राहिलेल्या गप्पा लिफ्टमध्ये पुऱ्या व्हायच्या. तिचा आवाज असा की प्रार्थनेला माइक बंद पडला तरी मागच्या रांगेतली पोरं गप्प उभी राहायची. तो आवाज एका ऑक्टोबरात बसला. एसी, धूळ, दिवसभर वर्गात गाणं... मास्तरणीचा घसा बसायचाच, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

इथल्या मराठी माणसांची एक रीत आहे. दुखणी साठवायची. पर्समध्ये इन्शुरन्सचं कार्ड असतं, कोपऱ्यावर क्लिनिक असतं, पण दाढ असो, गुडघा असो की गाठ, उत्तर एकच: ‘सुट्टीत दाखवू.’ गावचा डॉक्टर आपला, भाषा आपली, सोबतीला आई. जुलैत बॅगा भरताना खजुरांबरोबर वर्षभराची दुखणीही भरायची. दाढेपुरतं हे ठीक आहे हो. पण दुखण्याला सुट्टी कळत नाही, हे आपल्या टाळक्यात कधी शिरणार?

वसुधाचा आवाज बसला त्याच सुमारास गॅदरिंगचं कापड घ्यायला आम्ही देराच्या जुन्या बाजारात गेलो होतो. एका चिनी औषधांच्या दुकानापुढे वसुधाला खोकल्याची उबळ आली. आतल्या बाईने तिला बोलावून बसवलं, जीभ बघितली आणि काचेची एक बरणी काढली. आत पिवळसर हिरव्या, वाळलेल्या गुंडाळ्या होत्या, चकली मोडल्यावर मधलं वेटोळं उरतं ना, तशा. गिऱ्हाइकांकडून उचललेल्या हिंदीत ती म्हणाली, “ये शिहू. गला सूखा, आँख सूखा, प्यास बहुत, इसके लिए. धीरे उबालो, बहुत टाइम. बाद में चबाओ.”

“गानेवाले पीते हैं?” वसुधाने विचारलं.

“चायना में बहुत पीते.”

झालं. त्यात ही काडी म्हणजे झाडावर, खडकावर वाढणाऱ्या ऑर्किडचं खोड आहे असं कळल्यावर तर वसुधा हरखलीच. “अगं, म्हणजे आपल्या सीतेच्या वेणीची नातेवाईक! आमच्या आंब्यावर ढीगभर असायची.” मग दर थोड्या दिवसांनी देराची फेरी. लांबलेल्या तापानंतर तोंड कोरडं पडलं की शिहू देतात, डोळ्यांसाठी शेवंतीच्या फुलांबरोबर उकळतात, हे सगळं ती त्या बाईकडून शिकून आली. तिच्या किचनमध्ये मंद गॅसवर ती पातेली तासन् तास असायची. वेटोळी हळूहळू उलगडायची, पाणी भेंडी धुतल्यासारखं किंचित बुळबुळीत व्हायचं. थर्मास घेऊन ती वर्गात जायची. मधल्या सुट्टीत मऊ झालेली काडी चघळत म्हणायची, “बघ, किती ओलावा वाटतो.”

आणि खरंच वाटायचा. गोची तिथेच होती.

तिची मुलगी मुग्धा तेव्हा नववीत होती. ती एकदा माझ्यासमोर म्हणाली, “आई, जस्ट गो टू अ डॉक्टर ना. इट्स बीन मन्थ्स.”

“खलास, आता तो विषय नको,” वसुधा म्हणाली. “इथला डॉक्टर पाच मिनिटं बघणार आणि गोळ्या देणार. जुलैत घरी दाखवतेच आहे. तोवर शिहू पुरेल.”

पाडव्याच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळाने तिला त्याच घशाने नांदी म्हणायला लावली. सेक्रेटरी साहेब म्हणाले, “वहिनी, तुमच्याशिवाय पडदा उघडणार कसा? इन्शाल्ला सुटेल घसा.” आवाज फाटत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. यंदा आवाज भारदस्त लागला म्हणे!

जुलैत सावंतवाडीच्या डॉक्टरांनी घशात बघितलं, गाठ दिसली आणि तिला थेट गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? ऑक्टोबरपासून. गाठ कॅन्सरची होती आणि पसरली होती, असं दिलीप सांगत होता. ती परत दुबईला आलीच नाही. शेवटच्या फोनवर बोलणं मीच करायचं होतं, तिचा आवाज पार गेला होता. होकाराला ती रिसीव्हरवर नख वाजवायची. मी उगाच शाळेतल्या भानगडी सांगत राहिले... आणि ती वाजवत राहिली.

शोकसभेत एक जण हळहळून म्हणाला, “चिनी औषधाच्या नादी लागली हो.” मी तिथेच उठून बोलले. शिहूवर खापर फोडू नका. कोरड्या घशाला ओल द्यायची एवढंच तिचं काम, ते तिने केलं. गाठ बघणं हे आपलं काम होतं, ते आपण जुलैवर टाकलं. सभेनंतर माझ्याशी फारसं कुणी बोललं नाही. नका बोलू.

तिचा फ्लॅट रिकामा करताना शिहूची अर्धी बरणी मी घरी आणली. गेल्या आठवड्यात लिफ्ट बंद होती. जिना चढताना अविनाश, माझा नवरा, मध्येच छाती धरून थांबला. घरात आल्यावर म्हणाला, “काही नाही गं, दमलो जरा. जुलैत दाखवू.” मी ती बरणी फळीवरून काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“गाडीची किल्ली कुठाय?” त्याने विचारलं.

क्लिनिकमध्ये त्याचं नाव पुकारेपर्यंत ती बरणी माझ्या मांडीवर होती.