सव्वीस आठवडे

सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कार्यालयात आम्ही दोघी संगणकावर नोंदी करायचो. काम सरकारचं, नेमणूक मात्र ठेकेदाराची. मी तिथं जुनी. ती मंगळवेढ्याकडची, येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली.

माझा मुलगा झाला तेव्हाच्या ठेकेदाराकडे रजा नावाची गोष्टच नव्हती. महिन्याच्या आत आलात तर जागा राहील, असं सुपरवायझरनं सांगितलं होतं. मी बाविसाव्या दिवशी हजर झाले. दुपारी ब्लाउज दुधानं भिजायचा, तेव्हा रेकॉर्डच्या खोलीत जाऊन रडायचे.

पुढे टेंडर बदललं. नवा ठेकेदार आला आणि प्रॉव्हिडंट फंड, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असं सगळं आम्हाला मिळालं. पुढे तिला दिवस गेले, तेव्हा त्या कार्डावर तिला बाळंतपणाची सव्वीस आठवडे पगारी रजा मिळणार होती. तिनं हे मला हसत सांगितलं. मी तिचं अभिनंदन केलं आणि त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

दिवस भरत आल्यावर ती माहेरी गेली. जाताना रजेचा अर्ज माझ्याकडे दिला. ठेकेदाराच्या माणसाची सही तेवढी राहिली होती. तो दुसऱ्याच दिवशी आला, माझ्या टेबलाशी उभा राहून चहा प्याला. अर्ज ड्रॉवरमध्ये होता. मी काढला नाही.

आठवड्यानं तिचा फोन आला. "ताई, सही झाली का वो? आई रोज इचारती."

तो अजून आलाच नाही, असं मी सांगितलं.

"असू दे की. तुमी हाईसा म्हणून मला घोर न्हाई."

फोन ठेवल्यावर कीबोर्डवर बोटं चालेनात. जेवणाच्या सुट्टीत मी रिक्षा केली, ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन सही घेतली, तशीच पुढे विम्याच्या कार्यालयात जाऊन अर्ज दिला आणि पोच घेतली.

तिला मुलगी झाली. बारशाला मी गेले नाही; मुलाची परीक्षा आहे म्हणून कळवलं. रजा संपवून ती परत आली, तेव्हा अंगानं भरली होती, चेहऱ्यावर झोप पुरी झाल्याचं तेज होतं. "तुमच्यामुळं झालं ताई सगळं," असं ती चारचौघांत म्हणाली. मी मान खाली घालून नोंदी करत राहिले.

ड्रॉवरमधल्या त्या आठवड्याबद्दल मी तिच्याशी अजून बोललेले नाही. ती मोबाईलवर मुलीचे फोटो दाखवते. मी बघते, गोड आहे म्हणते. आणि त्या पोरीला आईजवळ मिळालेले ते महिने माझ्या मुलाचे होते, असं मला वाटत राहतं.