गायधनी काकांची बेरीज

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही, आणि तिला माझ्या खिशात किती सुटे आहेत तेसुद्धा माहीत असतं. तसा मी बोलका माणूस; माझे किस्से ऐकायला लोक स्वतःहून चहा पाजतात. हा मात्र आजवर कुणाला ऐकवला नाही. का? कारण यात मी फार वाईट वागलो, आणि वागताना मला फार मजा आली.

नाशिकला मुंबई नाक्याजवळ मोटारीच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. तिथे मी कॉम्प्युटरवर बिलं करायचो. बिलांचा प्रोग्राम मीच बसवलेला. काचेच्या केबिनमध्ये गायधनी काका बसत, तीस वर्षांपासूनचे हिशेबनीस. "माझ्या वहीत पैसाही हलत नाही," हे त्यांचं रोजचं वाक्य.

एका दसऱ्याला दुकानात पूजा होती. नट आवळायचे पाने, जॅक, काकांच्या वह्या—सगळ्यांना झेंडू. मीही माझ्या कीबोर्डवर एक फूल ठेवलं. काकांनी ते चिमटीत उचललं. "अहो बिलवाले, ही काय विद्या आहे? घरी टीव्हीला हळदकुंकू वाहता का?" सगळे हसले. शेठही हसले. माझं फूल एका पान्यावर गेलं.

एवढ्याचा कुणी राग धरतं का? मी धरला—जपून ठेवला.

पुढच्या वर्षी विक्रीकर जाऊन व्हॅट आला, आणि शेठनी काकांच्या टेबलावरही कॉम्प्युटर आणला. माझी छापील बिलं काका दोन बोटांनी त्यांच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये चढवत. पहिल्याच महिन्यात कराचा आकडा जुळेना. एखाद्या बिलात दोन रुपये जास्त, एखाद्यात एक कमी. काका पट्टी लावून ओळ न् ओळ तपासायचे. डबा तसाच परत न्यायचे.

आता सांगतो—कारण मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. माझा प्रोग्राम प्रत्येक वस्तूचा कर वेगळा काढून तिथल्या तिथे पूर्ण रुपयात करायचा. नटाचा वेगळा, वायसरचा वेगळा. काकांचा प्रोग्राम अख्ख्या बिलावर एकदाच कर काढायचा. छापील बिलावर दिसायचा तो फक्त एकूण कर. काकांना सापडणार कसं? माझ्याकडे एक सेटिंग बदललं की मिटलं.

मी बदललं नाही. चार महिने.

"काका, चष्मा बदला आता," शेठ म्हणू लागले. दुकानातली पोरं हसू लागली. मग एक दिवस काका माझ्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले—उभेच. "तुमच्या मशीनमध्ये काही असेल का हो? मला दाखवता?"

"मशीन चुकत नाही काका," मी म्हणालो. "विद्या आहे ती."

त्यांना ते फूल आठवलं का? चेहऱ्यावर तर काही दिसलं नाही. आठवलं नसावं—आणि त्याचाच मला जास्त राग आला.

श्रावणात काकांनी नोकरी सोडली. चिठ्ठीत एकच ओळ: 'आता माझ्याकडून बेरीज होत नाही.' दुसऱ्या दिवशी मी सेटिंग बदललं. पुढच्या महिन्याचे आकडे चोख जुळले. शेठनी पेढे मागवले, काचेची केबिन मला दिली. मी पेढा चवीने खाल्ला—हेही सांगायलाच हवं.

दोन वर्षांनी काका गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, भाजीबाजारात दिसले. मी त्यांच्या मागेच उभा होतो. मेथी दहाची, गवार बाराची, लिंबं पाचाची. "सत्तावीस," ते पुटपुटले, आणि लगेच भाजीवालीला म्हणाले, "तूच कर गं बेरीज. माझी चुकते."

"सत्तावीसच हाय की, काका."

त्यांनी पैसे दिले, पण बोटं अजून मोजत होती. मी हात लांब केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. मी लिंबं घेतली आणि दुसऱ्या बाजूने निघून गेलो.