तारामाशाचं सलाईन

माझ्या नणंदबाईंना हॉस्पिटलात सगळे घड्याळबाई म्हणायचे. छातीवर उलटं घड्याळ टाचून त्यांनी एकतीस वर्षं नर्सची नोकरी केली. नाडी घड्याळावर, इंजेक्शन घड्याळावर, आणि घरी अंडी उकडायची तीही घड्याळावर. मी त्यांना ताई म्हणते. लग्न होऊन मी आले तेव्हा त्यांनी माझ्या अंघोळीचीसुद्धा वेळ ठरवून दिली होती. पहिलं वर्षभर आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं.

आठ महिन्यांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा, त्यांच्याच वॉर्डात वारला. आठवडाभरात ताईंनी राजीनामा दिला आणि एक बॅग घेऊन माझ्याकडे राहायला आल्या. लोक म्हणाले, बघा, केवढी माया. मलाही तसंच वाटलं. पण त्यांचं काहीतरी आतून बिनसलं होतं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायचा, त्याला त्यांनी पहिल्याच दिवशी चिंधी बांधली, पाणी आवाज न करता ओघळावं म्हणून. दोनदा वॉशर बदलला, तरी चिंधी सोडू देईनात. जेवताना घास हातातच राहायचा आणि ओठ हलायचे. एकदा कान देऊन ऐकलं, तर आकडे मोजत होत्या.

घरात तिसरं कुणी नव्हतं, तरी आम्ही दोघी तिसरं कुणी असल्यासारख्या वावरायचो. हॉलमध्ये भिंतीला लागून माझ्या नवऱ्याची खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आहे. सकाळी दहाला तिचा निळा दिवा आपोआप लागतो, वेळ त्यानेच लावून ठेवलीय. दिवा लागला की उजेड त्याच्या रिकाम्या खुर्चीवर पडतो. आम्ही खुर्चीकडे पाठ करून बसायचो. एक बटण दाबलं असतं तर दिवा बंद झाला असता, पण माझी हिंमत होत नव्हती.

मग एके दिवशी समुद्री माशांच्या दुकानदाराचा फोन आला. तुमच्या साहेबांनी सांगून ठेवलेला निळा तारामासा आलाय, म्हणाला. साहेब गेले, हे सांगितल्यावर म्हणाला, नको असेल तर राहू द्या. मी म्हटलं, हवाय.

तो आणून देताना त्याने सगळं समजावलं. तारामाशाला क्षणभरही पाण्याबाहेर काढायचं नाही. दुकानातल्या पाण्याचा खारटपणा वेगळा, तुमच्या टाकीतला वेगळा. एकदम सोडलात तर आज धडधाकट दिसेल आणि चार दिवसांत एकेक पाय गळून मरेल. टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने त्याच्या बादलीत सोडायचं, तीन-चार तास, अंधार करून. थेंबाचं नाव काढताच ताईंचा चेहरा उतरला. पण हे काम त्यांच्याशिवाय कुणाला जमणार होतं? मी हट्टच धरला. हा जगला तर ताई दोन घास नीट खातील, असं माझ्या मनात होतं. त्यांच्या हातून मेला असता, तर मात्र त्या पुन्हा उभ्या राहिल्या नसत्या.

दुपारी दीडला पडदे ओढले आणि निळा दिवा हाताने बंद केला, आठ महिन्यांत पहिल्यांदा. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगू दिली, मग बादलीत आडवी करून मासा त्याच्याच पाण्यासकट सोडला. ताईंनी आपल्या बॅगेतून सलाईनची नळी काढली. नोकरी सोडलेल्या बाईने ती जवळ का ठेवावी, हे मी विचारलं नाही. एक टोक टाकीत टाकून दुसरं त्यांनी तोंडाने ओढलं. खारं पाणी तोंडात गेलं तरी थुंकायला उठल्या नाहीत. नळीवरचं चाक फिरवून थेंबांचा वेग बांधला आणि घड्याळ हातात धरून स्टुलावर बसल्या.

टप. टप. बंद खोलीत दुसरा आवाज नव्हता. मला वॉर्डातला वास आला, खोटं नाही सांगत. खुर्चीवर कुणी बसलेलं नाही, हे मी दोनदा वळून बघून घेतलं.

साडेचार झाले. खारटपणा अजून जुळत नव्हता. माझी पाठ भरून आली होती आणि तो आवाज सहन होईना. मी म्हटलं, "ताई, वाढवा ना थोडं. किती वेळ लावायचा."

त्यांचा हात चाकावर गेला आणि त्यांनी तो मागे घेतला.

"वाढवलं होतं मी," त्या म्हणाल्या. "त्याचं. हृदय थकलेलं होतं, सलाईन सावकाशच जायला हवं, हे मला कळत होतं. तरी चाक फिरवलं. पाऊण तासात त्याला धाप लागली. डॉक्टर म्हणतात, त्याने काही फरक पडला नाही. त्यांना काय जातंय म्हणायला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ महिने ही बाई माझ्या ताटाला ताट लावून बसली आणि एका शब्दाने बोलली नाही? ते तोंडातून निघणार, एवढ्यात मी आत्ता काय म्हटलं ते माझ्याच कानात पुन्हा वाजलं. त्या दुपारी वॉर्डात तो पडून पडून कंटाळला होता, माशांना खाणं घालायचं राहिलंय म्हणून कुरकुरत होता. आणि त्याच्या खाटेच्या कडेवर बसून मी म्हटलं होतं, ताई, वाढवा ना थोडं, किती वेळ लावायचा. मी ते विसरले नव्हते. पुरून टाकलं होतं.

"सांगितलं तर मीच होतं," मी म्हणाले.

ताईंनी बादलीवरची नजर काढली नाही. "ते मी कुणाला बोलले नाही. पण तुला एकटीला कधीतरी आठवलं असतं. म्हणून तर इथे राहायला आले."

मी खाली फरशीवर त्यांच्या गुडघ्याला टेकून बसले. चाकाला दोघींनीही हात लावला नाही. सहा वाजता पाणी जुळलं. ताईंनी बादलीतच मासा वाडग्यात घेतला, वाडगं काठोकाठ भरलेलं तसंच टाकीत बुडवलं आणि अलगद कलतं केलं.

आज पाचवा दिवस. तारामासा काचेला चिकटलेला आहे, पाचही पाय शाबूत. ताई रात्रीची एक पोळी संपवतात. काल भांडी घासता घासता माझ्या लक्षात आलं की मी आकडे मोजतेय. नळाची चिंधी जरा सैल झाली होती. ती मी पुन्हा घट्ट बांधली.