पप्पांना सांगितलेले मासे

पप्पांना जाऊन दीड वर्ष झालं. लोक म्हणतात, हळूहळू कमी होतं. डोंबल कमी होतं! निदान रविवारी सकाळी तरी होत नाही. कारण रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून विश्रांतवाडीहून थेट खडकवासला धरणाच्या मागच्या पाण्यावर न्यायची आणि तिथे त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांच्याशी खोटं बोलायची. एक अख्खा हंगाम. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

हा माशांचा नाद त्यांना मीच लावला, म्हणजे पुन्हा लावला. हिंजवडीतल्या आमच्या कंपनीने मला आठ महिने परदेशी पाठवलं होतं. माझ्या खोलीजवळ एक ओढा होता आणि त्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हातारे लोक लांबलचक दोरी हवेत पुढे-मागे फिरवत असायचे. दोरीच्या टोकाला ना गांडूळ, ना कणकेची गोळी. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. मासा धरायचा, दोन्ही हातांत घेऊन बघायचा आणि सोडून द्यायचा. फ्लाय फिशिंग. मला ते बघून पप्पाच आठवले. त्यांना लहानपणी गळाचं वेड होतं, पण विहारात जाऊन मनापासून पंचशील घेणारा माणूस. जीव घ्यायचा नाही म्हणून तरुणपणीच गळ फेकून दिलेला. सोडून द्यायचा मासा त्यांना चालेल असं वाटलं. ते निवृत्त होणार होते. मी एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून तसली काठी आणि रीळ घेऊन आले.

पप्पांनी आयुष्यभर सरकारी खात्यात नकाशे काढले होते. हात दगडासारखा स्थिर. चिकनवाल्याकडून कोंबड्याची पिसं आणायचे, आईच्या लोकरीतली तपकिरी लोकर पळवायचे आणि खिडकीत बसून माशा बांधायचे. आई म्हणायची, "लोक रिटायर झाल्यावर माशा मारतात, हे माशा बांधतात." गळाचं उलटं टोक ते पकडीने चेपून टाकायचे, म्हणजे माशाला काढताना दुखणार नाही. त्यावरही आईचं होतंच : "तोंडाला भोक पाडायचं आणि वर त्याचं मंगल चिंतायचं, वा!" पप्पा म्हणायचे, "तू बाजारातून आणतेस त्याचं कोण चिंततं?" मग दोघं तासभर बोलायचे नाहीत.

दोरी फेकायचा सराव सोसायटीच्या गच्चीवर. दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा परकर गळाला लागला आणि पप्पांनी तो माशासारखा हळूच, अलगद सोडवून परत दोरीवर घातला. काकूंनी नेमकं बघितलं. आठवड्याभरात जिन्यात पाटी लागली : "गच्चीवर मासेमारी करू नये. कपडे वाळत असतात." त्यानंतर आम्ही पाण्यावर जायला लागलो.

धरणाकाठी गळवाल्यांची एक टोळी असायची. त्यांच्या लेखी मासा म्हणजे महाशीर. त्याच्यासाठी सुट्ट्या काढून लांब लांब जातील, फोटो काढतील. आणि सायप्रिनस? म्हणजे तो मिशीवाला, सोनेरी, बाहेरून आणून धरणांत सोडलेला कार्प? "अहो, ते चिखलातलं डुक्कर. खेळायला काय मजा त्यात." पप्पांनी हे ऐकून घेतलं आणि ठरवलं की आपण फक्त सायप्रिनस धरायचा. तेही माशी टाकून. मला म्हणाले, "ज्याला कुणी मोजत नाही ना, त्याला एकदा नीट बघावं. आपल्याला तरी ते कळायला हवं." ते फक्त माशाबद्दल बोलत नव्हते, हे त्यांच्या आवाजावरून मला कळलं.

आणि खरंच सांगते, इतका हुशार जीव मी दुसरा बघितला नाही. काठावर पाय जोरात पडला तरी त्याला जमिनीतून कळतं. उथळ पाण्यात शेपूट वर करून तो चिखल उकरत असतो. माशी त्याच्या डोक्यावर पडली तर पळाला. फार लांब पडली तर ढुंकून बघत नाही. बरोबर तोंडापुढे वीतभर पडली तर पांढरं तोंड उघडतं, ओढून घेतं आणि पटलं नाही तर थुंकतं, सगळं क्षणात. हाताला काही जाणवत नाही. बघूनच काठी उचलावी लागते. म्हणजे सगळा खेळ नजरेचा. पप्पांनी पहिल्या चार वर्षांत मिळून चार धरले. चारही किलो-दीड किलोचे. त्यातल्या एकाने दोरी अशी पळवली होती की त्यांचं बोट कापलं. घरी येऊन बोट दाखवत फिरत होते, जसा काही पुरस्कार मिळालाय.

पाचव्या वर्षी ते चहा कपाबाहेर ओतायला लागले. मी ओरडायची, "पप्पा, लक्ष कुठं असतं तुमचं?" लक्ष कुठं असणार? कपच दिसत नव्हता. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजवा चाललेला. डॉक्टर म्हणाले, थेंबांनी थोडं लांबेल, पण गेलेली नजर परत येत नाही. उजव्याचं वर्षभर धरून चाला. पप्पांनी त्यांना शांतपणे विचारलं, "पाण्यातला मासा किती दिवस दिसेल?" डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, पप्पा गंमत करताहेत.

घरी येताना रिक्षात पप्पा मला म्हणाले, "एक मोठा सायप्रिनस. बास. हातात घेऊन नीट बघायचाय, डोळा आहे तोवर. मग नाही गेलो तरी चालेल." मी म्हटलं, "मी बघते ना तुमच्यासाठी. मी सांगेन, तुम्ही टाका." त्यांनी माझा हात धरला तो विश्रांतवाडी येईपर्यंत सोडला नाही.

मग आमची पद्धत बसली. ते पाण्याशी, मी मागे उंच खडकावर. त्यांची नाकासमोरची दिशा म्हणजे घड्याळातले बारा. मी सांगायची : "अकरा. पंधरा पावलं. तोंड डावीकडे." ते बरोबर तिथे टाकायचे; नकाशे काढणाऱ्याचा हात, अंतर त्यांच्या खांद्यात होतं. मग मी माशाचं तोंड बघत राहायची आणि उघडलं की म्हणायची, "घेतला!" की काठी वर. पहिल्या महिन्यात दोन मिळाले. छोटेच, पण पप्पा ते नाकाजवळ धरून, मान तिरकी करून, उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. मला वाटायचं, चला, जमलं.

मग जानेवारी उजाडला आणि मासे दिसायचेच बंद झाले. पाणी गढूळ, कुठे जलपर्णी, कुठे काठावर पार्ट्या करणाऱ्यांचा गोंगाट. त्यात माझं काम वाढलं. क्लायंटला रविवारचं काही सोयरसुतक नसतं, दहाला मीटिंग म्हणजे मीटिंग. आणि पप्पांचा हट्ट असा की एक तरी मासा दिसल्याशिवाय निघायचं नाही. दिसला, पळाला, तरी चालेल. पण दिसायला हवा. पहाटे साडेपाचला स्वारगेटच्या चौकातही लोक भांडत असतात, त्यातून यायचं, तीन तास उन्हात उभं राहायचं आणि दर पाच मिनिटांनी खालून आवाज : "दिसतोय का गं?" "नाही पप्पा." "दिसतोय का?" "नाही हो!"

एका रविवारी सव्वानऊ झाले होते. त्यांची मान वाकलेली, हातात काठी तयार. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "हो. दहावर. वीस पावलं."

त्यांचा चेहरा! दोरी गेली, रिकाम्या पाण्यावर अलगद उतरली. मी मनात पाच मोजले. म्हटलं, "बघितलं त्याने. नाही घेतलं. पळाला." पप्पा म्हणाले, "अरेरे. पण आला होता ना?" आणि निमूट निघाले. दहाच्या मीटिंगला मी एका टपरीवर बसून मोबाईलवरून वेळेत हजर होते.

खोटं एकदा पचलं की पुढचं सोपं जातं. पुढच्या रविवारी मी ते नऊला बोलले, त्याच्या पुढच्या रविवारी पावणेनऊला. दया वगैरे राहिली बाजूला, मला सरळ घरी जायचं असायचं. पप्पा संध्याकाळी आईला रंगवून सांगायचे : "आज एक आला होता. माशीपाशी थांबला, विचार केला आणि वळला." मी तिथेच मोबाईल बघत बसलेली. एकदा तर मीच भर घातली, "मिशा दिसल्या त्याच्या." लाज नाही वाटली. आता वाटते.

मे महिन्यात धरण खाली गेलं. एका खाचेत पाणी गुडघाभर आणि काचेसारखं नितळ राहिलं होतं. आठही वाजले नव्हते. मी खडकावर चढले. तो होता. माझ्या हाताएवढा लांब, मातकट सोनेरी, शेपूट पाण्याबाहेर, निवांत चिखल उकरत होता. सहा वर्षांत असला बघितला नव्हता.

"पप्पा," मी म्हटलं, "साडेदहा. बारा पावलं. तोंड आपल्याकडे."

त्यांनी काठी उचलली नाही.

"ऐकलंत का? मोठा आहे. खूप मोठा."

"असेल," ते म्हणाले आणि रीळ गुंडाळायला लागले. "चल, निघू या. मीटिंग असेल तुझी."

"अहो पप्पा, खरंच आहे!"

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. "आणि आधीचे गं?"

मी पाण्याकडे बघितलं, तो अजून चिखल उकरत होता.

"सायप्रिनस पळाला की पाणी वाजतं, बाळा. भडकन. जानेवारीपासून तू इतके पळवलेस, एकही वाजला नाही. डोळे गेलेत माझे. कान आहेत."

"मग तुम्ही टाकत का होतात?"

"तू सांगत होतीस म्हणून." उरलेली दोरी त्यांनी गुंडाळून घेतली, माशी रिळाला अडकवली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुला घरी जायचं असायचं. तसं म्हणाली असतीस तर आलोच असतो की."

मला रडू फुटलं. "पप्पा, टाका ना! पाया पडते, एकदा टाका, आहे तो!" असं म्हणत मी खडकावरून खाली उडी मारली. दगड घरंगळला.

आणि पाणी वाजलं. भडकन, खोल, सगळी खाच हलल्यासारखी. लाट आमच्या पायांपर्यंत आली.

पप्पांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. काठी आपोआप वर गेली होती आणि तशीच राहिली, दोरी गुंडाळलेली. 

"होता की गं," ते म्हणाले.

परत येताना स्कूटरवर ते स्वारगेटच्या सिग्नलला मागून कानाशी आले. "केवढा होता?" मी सांगितलं. "रंग?" सांगितला. "शेपूट किती रुंद?" सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी मी मान मागे वळवून सांगत होते. ते प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणत होते.

घरी आईने दार उघडलं आणि नेहमीसारखी म्हणाली, "काय मग, आज किती पळाले?"

"एकच," पप्पा म्हणाले. "मोठा होता. हिने बरोबर सांगितलं होतं, माझंच चुकलं. मी गळ टाकलाच नाही."

आई म्हणाली, "आता हिच्यावर तरी विश्वास ठेवा," आणि हसत त्यांच्या हातातली काठी घेतली. मी चहाचं आधण ठेवायला आत गेले. नाही आई, तसं नाही, एवढंच म्हणायचं होतं. दार उघडं होतं, दोघं समोर बसले होते. मी साखर घातली, चहा गाळला, कप नेऊन पप्पांच्या हातात दिला. त्यानंतर पप्पा अकरा महिने होते. मी नाही बोलले.