निसणी भाऊच्या वाटणीला

आम्ही दोघे भाऊ वेगळे निघालो, तेव्हा पाटा भाऊकडे गेला आणि वरवंटा माझ्याकडे आला.

वाटणी मीच केली होती. पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणजे घरातला शिकलेला माणूस मीच! त्याच आठवड्यात नववीला ‘सेपरेट’ हा शब्द शिकवला होता. फळ्यावर त्याचं सगळं गणगोत मांडलं होतं. क्रियापद, विशेषण, मग ‘सेपरेशन’, मग ‘सेपरेटली’, आणि वेगळं करताच येत नाही ते ‘इनसेपरेबल’. असा शब्द तोंडात घोळत असला की माणूस तो कुठे ना कुठे वापरतोच. मी घरी वापरला.

कारण मोठं होतं. (तेव्हा तसं वाटलं होतं.) आमचे हेडमास्तर घरी जेवायला आले होते. माझा मोठा भाऊ नामदेव त्यांना भात वाढता वाढता कौतुकानं म्हणाला, “सर, हा आज मास्तर दिसून राह्यला, पन चौथीपर्यंत माह्या खांद्यावर बसून शाळेत जाये! नाल्याले पानी दिसलं का भोकाड! शाळेपाशी उतरवला का पुन्हा भोकाड!”

हेडमास्तरांना हसता हसता ठसका लागला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये शिपायापासून सगळ्यांना माझ्या भोकाडाची बातमी होती. माझ्या इज्जतीचा पार भुगा झाला! संध्याकाळी मी जाहीर केलं, “भाऊ, आपण आता सेपरेट राहू.”

“म्हंजे?”

“म्हंजे वेगळं निघू.”

भाऊ म्हणाला, “तुले वाटते तं निघ बाप्पा.” आणि गोठ्यात जाऊन बैलांना वैरण घालू लागला. वैरण त्यानं आधीच घातलेली होती.

अंगणात मधोमध बांबूची ताटी उभी राहिली. घरातल्या वस्तू मी ‘एक तुझी, एक माझी’ करत वाटल्या. त्यात कूलर मला आला आणि बांबूची निसणी (तिकडे पुण्याकडे शिडी म्हणतात ती) भाऊला गेली. मी मनातल्या मनात खूश! चंद्रपूरच्या उन्हाळ्यात निसणी घेऊन कोणी काय करणार?

माझी बायको मंदा आणि शकूवहिनी यांनी हा सोहळा शांतपणे पाहिला. दुसऱ्या दिवशी मंदा वरवंटा उचलून ताटीपलीकडे गेली ती जेवणाच्या वेळी भाजीचं गंज, म्हणजे पातेलं, घेऊन उगवली.

“आपली चूल वेगळी आहे ना?” मी विचारलं.

“मंग? नुसत्या वरवंट्यानं का माहं डोस्कं वाटू?”

म्हणजे चूल एकच राहिली, वेगळे झालो फक्त आम्ही दोघे. ताटीच्या दोन बाजूंना पाठ करून आम्ही एकाच गंजातली अंबाडीची भाजी खायचो आणि एकमेकांशी बोलायचो नाही. भाऊला ठसका लागला की माझा हात आपसूक पाण्याच्या तांब्याकडे जायचा. मग तो मीच प्यायचो.

असं करता करता मृग जवळ आला. पावसाआधी छपराची कवेलू, म्हणजे कौलं, फेरावी लागतात. वानरांनी उन्हाळाभर नाचून फोडलेली काढायची, नवी बसवायची. हे काम दोघांचं. दरवर्षी भाऊ वर चढायचा, मी खालून कवेलू द्यायचो. (आणि सूचना.) यंदा अर्धं छप्पर माझं होतं. पण भाऊला निसणी मागायची? मी? मेलो तरी नाही!

माझ्या बाजूला खिडकीशी कूलर होता आणि त्याच्यावर वाकलेलं मुंगन्याचं (शेवग्याचं) झाड. मुंगन्याचं लाकूड ठिसूळ, त्यावर चढू नये, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. मी चढलो. छपरावर पाय ठेवला मात्र, आणि फांदी कडाडकन मोडली. मी वर राहिलो, फांदी कूलरवर पडली. कूलर गेला!

“माय वं!” वहिनी धावत आली. “मंदा, तुहे मास्तर पाह्य कुठी बसून राह्यले!”

“अवो, उतरा ना!” मंदा ओरडली.

“उतरतो. जरा काम आहे.”

“थांबा भाऊजी, तुमच्या भाऊले उठवते. निसनी लावतीन.”

“अजिबात नाही! निसणी त्याच्या वाटणीची आहे!”

तापलेल्या कवेलूंवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. मी चुळबुळ केली की माझ्या हिश्शाचं एकेक कवेलू घरंगळून फुटायचं. खाली गाव जमलं. कोणी म्हणालं शेणाच्या ढिगावर उडी मारा. नववीतली एक पोरगी ओरडली, “सर, सेपरेटली उतरून राह्यले का?” एवढ्यात गाडीचा आवाज आला. हेडमास्तर!

त्यांना दिसू नये म्हणून मी घाईनं आढ्याच्या पलीकडे सरकलो, आणि माझा डावा पाय भाऊच्या छपरातून आरपार गेला. खाली भाऊ दुपारचा लवंडला होता. मग खालून आवाज आला.

“सुध्या?”

इतक्या दिवसांत तो मला पहिल्यांदाच हाक मारत होता.

“हो.”

“तुहाच पाय होय का?”

“माहाच.”

“मंग माह्या घरात काऊन आला? वाटनी झाली ना?”

सगळी इंग्रजी विसरून मी म्हणालो, “भाऊ, उतरव ना गा मले.”

खाट सरकल्याचा आवाज आला. भाऊनं खाटेवर उभं राहून आधी माझ्या तळव्यात काट्यासारखी घुसलेली बांबूची फास नखानं हळूच काढली, मग पाय वर ढकलला. लगेच बाहेर येऊन त्यानं निसणी लावली आणि अर्ध्यापर्यंत चढला. तिच्या वरच्या पायऱ्या उधईनं (वाळवीनं) खाल्लेल्या, मी पाय ठेवताच एक मोडली. (म्हणजे वाटणीत मी खूश झालो होतो ते बरोबरच होतं!)

भाऊ होता तिथेच थांबला, पाठ माझ्याकडे केली आणि म्हणाला, “बस.”

“इथी? सगळ्याईच्या समोर? हेडमास्तर पाहून राह्यले!”

“बस म्हनलं ना!”

मी बसलो. तो खांदा पूर्वीपेक्षा फार उतरला होता, हाड लागत होतं. मला इतकं वाईट वाटलं की खाली टेकेपर्यंत माझे डोळे वाहत होते.

“रडून राह्यला का बे?”

“कवेलूची माती गेली.”

“हो, नाल्यापाशीबी तुह्या डोऱ्यात मातीच जाये.”

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून अंगणातली ताटी उपटली आणि छपराच्या भोकावर टाकली. या खेपेला मी खाली होतो. वहिनीनं अंबाडीची भाजी केली आणि सगळ्यांना एका ओळीत वाढली.

शाळा उघडली, तेव्हा स्टाफरूममध्ये हेडमास्तर नव्या शिक्षकांना भाऊच्या खांद्यावरची माझी गोष्ट सांगत होते. गोष्ट तीच, नाला तोच, भोकाडही तेच. त्यातलं ‘चौथीपर्यंत’ मात्र आता ते वगळतात.