भाकरीचा अर्ज

अन्नाचाही अभ्यास करतात, आणि तो एक नव्हे तर तीन-तीन शास्त्रांचे लोक मिळून करतात, हे मला आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये कळलं. खरं सांगायचं तर हसूच आलं. जेवायचं असतं, त्यात अभ्यास कसला करायचा?

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी चिंचवडला एका कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होतो. मूळ गाव चाकणजवळ, घरची शेती. मॅट्रिक झालो म्हणून हातात पेन आलं, नाहीतर नांगरच होता. कारखान्यातले निम्मे लोक असेच, गोठा आवरून सायकलवरून फर्स्ट शिफ्टला येणारे.

कँटीनमध्ये पोळी मिळायची. तिला पोळी म्हणणं हा पोळीचा अपमान होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती अशी ताठ व्हायची, की मशीन शॉपमधले लोक तिला गॅस्केट म्हणत. बाकीच्यांचं काही अडत नव्हतं, त्यांचे घरचे डबे होते. अडत होतं ते मोल्डिंगमधल्या मामांचं. वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे मामा. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली होती, एकुलती लेक राजगुरुनगरकडे दिलेली, घरी चूल पेटवायला कोणी नाही. दिवसातलं एकच धड जेवण ते कँटीनमध्ये जेवत आणि तेही अर्धं टाकून उठत. काम भट्टीशेजारचं. डोळ्यांदेखत माणूस वाळत चालला होता.

एक दिवस मला म्हणाले, "कँटीनमंदी बाजरीची भाकर द्या म्हणावं. पोटाला आधार तरी व्हईल."

मी कँटीन कमिटीवर होतो. अर्ज मीच लिहिला, पहिली सही मामांची घेतली आणि मग भराभर सह्या झाल्या. वेल्फेअरच्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "पुण्याहून कॉलेजची मंडळी येतायत, कामगारांच्या आहाराचा अभ्यास करायला. लोक भाकरी खातात असं त्यांच्या अहवालात आलं, तर पुढच्या महिन्यापासून सुरू." मला वाटलं, काम फत्ते. आमच्या पट्ट्यात भाकरी खाणारा शोधायला अभ्यास कशाला हवा? डबा उघडला की झालं.

तिघं जण आले. आहारशास्त्राच्या बाई तराजू घेऊन, अर्थशास्त्राचे प्राध्यापक छापील तक्ते घेऊन, आणि समाजशास्त्राच्या एक तरुण बाई नुसती वही घेऊन. त्यांना हवं-नको पाहायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी त्यांनी एका फिटरचा डबा मधोमध ठेवला. आहारवाल्या बाईंनी भाजी तोलली. प्राध्यापकांनी तेल कुठल्या दुकानातून आणता ते विचारलं. वहीवाल्या बाईंनी लोणच्याची फोड निरखून विचारलं, "हे सासरचं की बायकोच्या माहेरचं?" मग लोणचं अन्नात धरायचं की नात्यात, यावर तिघांचं असं जुंपलं की जेवणाची सुट्टी संपली. फिटर बिचारा हात धुऊन बसला होता, तो तसाच उठून गेला. एवढी विद्वत्ता, पण समोरच्या माणसाला भूक लागली असेल हे एकाही शास्त्रात बसत नव्हतं.

पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. त्या डब्यात पोळी होती. पुढच्याही डब्यात पोळी. ज्याच्या फडक्यात मी वर्षानुवर्षं भाकरी आणि ठेचा पाहिला होता, त्यानंही त्या दिवशी पोळीला तूप लावून आणलेलं. चौकशी केली तर म्हणाला, "राव, पुण्याची मान्सं येनार, त्यांच्याफुडं काय भाकर सोडायची व्हय?"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे पाहुणा आला की भाकरीचं पीठ आत जातं आणि गहू बाहेर येतो, मग पाहुणा दारातून परत का जाईना. तिन्ही शास्त्रांना आमच्या लोकांनी पाहुणे ठरवलं होतं. त्या आठवड्यात गावोगावच्या बायकांनी पहाटे उठून पोळ्या लाटल्या, आणि त्या सगळ्या पोळ्या तक्त्यात जाऊन बसल्या.

मी हे साहेबांना नाहीतर त्या तिघांना सांगायला हवं होतं. पण शेवटच्या दिवशी वहीवाल्या बाईंनी सहज माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुमच्या घरी?" मी, अर्जाचा लेखक, छाती पुढे काढून म्हणालो, "पोळी, वरण, भात, कोशिंबीर." कोशिंबीर! आमच्या घरी कांदा बुक्कीनं फोडतात.

अहवाल आला. साहेबांनी कमिटीत वाचून दाखवला. कामगार वर्ग गव्हाकडे वळला आहे, भाकरीला मागणी आढळली नाही. अर्ज फेटाळला.

मामांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी मोल्डिंगमध्ये गेलो. ते साच्यातली वाळू झटकत होते. मी सगळं सांगून टाकलं, कोशिंबिरीसकट. म्हटलं, "मामा, तुमचा घास मी घालवला. माफ करा."

ते हसले. "तू एकट्यानं न्हाई. मीबी पोळीच सांगितली."

आता मात्र मी चिडलो. "अहो, अर्ज तुमच्यासाठी केला होता! बाकीच्यांची गोष्ट वेगळी, तुम्ही कशाला खोटं बोललात?"

मामा वाळूच्या ढिगावर टेकले. "त्या वहीवाल्या बाईनी पयलंच इचारलं, घरी सैपाक कोन करतं. बाकी कुनी इचारत न्हाई रं आता तिचं. माज्या तोंडातनं गेलं, कारभारीन करती. मग त्या इचारत गेल्या, काय काय करती, कसं करती, आन् मी सांगत गेलो. त्यांनी समदं ल्हिवून घेतलं. अर्धा तास झाला आसंल. लई बरं वाटलं बघ."

माझा राग कुठल्या कुठे गेला. उगाच विचारलं, "पोळ्या छान करायच्या का मामी?"

"छ्या," मामा म्हणाले. "तिला पोळी कदी जमलीच न्हाई. नुसता नकाशा व्हायचा. भाकर मातर चंद्रावानी करायची. पर पाव्हन्याफुडं आपल्या मानसाचं उणं कसं सांगायचं?"